वहीएवढे यंत्र आणि मंडळीचे दप्तर

आपल्या पूर्वजांची नावे ह्या बेटावर प्रथम कोणी लिहिली, हे प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे. मुंबई बंदरातून निघालेले जहाज पोर्ट लुईच्या धक्क्याला लागले, की उतरणाऱ्या माणसाची नोंद वसाहतीचा कारकून आपल्या वहीत, आपल्या लिपीत आणि आपल्या कानाला जसे ऐकू आले तशी करीत असे. नावाबरोबर एक क्रमांक पडे, आणि पुढे मळ्यावर पुष्कळदा नावापेक्षा तो क्रमांकच अधिक उपयोगी पडे. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन करून ठेवलेल्या आहेत. ज्यांनी त्यांत आपल्या पणजोबांचा शोध घेतला आहे, त्यांस एकच नाव निरनिराळ्या कागदांवर निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले पाहून झालेला गोंधळ आठवत असेल. लिहिणारा परका, लिपी परकी, आणि वहीही परक्याचीच.

आज ती स्थिती राहिलेली नाही. मंडळीचे सभावृत्त, वर्गणीचा हिशेब, गणेशोत्सवाची निमंत्रणे, भजनांचे आणि झाकरीच्या गाण्यांचे संग्रह आपण स्वतः देवनागरीत लिहितो. मात्र हे लेखन आता शाईने होत नाही, संगणकावर होते. आणि तो संगणक खरोखर कोणाच्या आज्ञेत आहे, हा प्रश्न आपल्या सभांतून क्वचितच निघतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने थांबविले. काही अटींवर थोडी मुदतवाढ मिळते, परंतु पुढच्या प्रणालीसाठी जो प्रोसेसर लागतो तो नसल्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे ह्या एका तारखेने निकालात निघाली. अनेक मंडळ्यांच्या चिटणिसांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला : आता नवे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते?

ह्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की वहीएवढा पातळ, सव्वा किलोच्या आतबाहेर वजनाचा, वापरलेला पण चांगल्या बांधणीचा लॅपटॉप घ्यावा आणि त्यावर लिनक्स बसवून मंडळीचे सारे काम करावे. ह्या उत्तराला अटी आहेत. त्या न सांगता केवळ शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून हा लेख.

लिनक्स म्हणजे काय

संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृती आणि साठवण हे अवयव एका बाजूला, व आपण वापरतो ते कार्यक्रम दुसऱ्या बाजूला. ह्या दोहोंमध्ये कारभारी म्हणून एक मूळ आज्ञावली काम करीत असते. तिला कर्नल म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण असा एक कर्नल हौसेने लिहीत असल्याचे २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू नावाचा प्रकल्प घोषित केला होता. संगणकाची संपूर्ण प्रणाली सर्वांना मोकळी असावी, हा त्याचा उद्देश. त्या प्रकल्पाने बाकीची पुष्कळशी सामग्री सिद्ध केली होती. उणीव होती ती पुरत्या कर्नलची. १९९२ साली टोर्व्हाल्ड्स ह्यांनी आपला कर्नल ग्नूच्याच सार्वजनिक परवान्याखाली आणला, आणि दोन ओढे एका पात्रात मिळाले.

हा परवाना वाचण्यासारखा आहे. घेणाऱ्याने आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिची रचना अभ्यासावी, तीत हवा तो बदल करावा आणि ती इतरांस द्यावी, असे चार अधिकार तो देतो. अट एकच : जे अधिकार तुला मिळाले, तेच पुढच्याला दे. विद्या दिल्याने वाढते, हे आपण शाळेत पाठ केलेले वचन येथे कायद्याच्या भाषेत बसविलेले आहे.

गिरमिट हा शब्द ॲग्रीमेंट ह्या इंग्रजी शब्दाने आपल्या लोकांच्या जिभेवर घेतलेला अवतार होय. बहुतेकांना तो करार वाचता येत नव्हता, आणि त्याची अक्षरे त्यांच्या आयुष्याचा मालक ठरवीत होती. संगणकाच्या परवान्याशी त्या दुःखाची तुलना करणे म्हणजे पूर्वजांच्या कष्टांचा उपमर्द होय. ती मी करीत नाही. एवढेच म्हणतो, की ज्यांच्या घरात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांनी तरी कोणताही करार न वाचता ‘मान्य आहे’ असे बटण दाबण्याची सवय सोडावी.

कर्नल आणि त्याबरोबरचे कार्यक्रम एकत्र बांधून जे गाठोडे दिले जाते, त्यास वितरण म्हणतात. डेबियन हे १९९३ पासूनचे, उबुंटू २००४ चे, लिनक्स मिंट २००६ चे. नवशिक्यास मिंट किंवा उबुंटू सोपे जाते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य सुरक्षा-सुधारणा मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये निघालेली आवृत्ती ह्या हिशेबाने २०२९ पर्यंत चालेल. त्या काळात मंडळीच्या दोन-तीन कार्यकारिणी बदलतील, पण यंत्रावरील व्यवस्था बदलावी लागणार नाही.

पातळपणाची किंमत

आता यंत्राकडे वळू. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स ह्यांनी कागदाच्या पाकिटातून एक लॅपटॉप काढून दाखविला, तेव्हापासून पातळ यंत्राचे वेड जगभर पसरले. २०११ साली इंटेलने अशा यंत्रांना अल्ट्राबुक हे नाव दिले, आणि एक-दोन वर्षांत प्रत्येक कारखानदार ती करू लागला. प्रारंभी ही श्रीमंतांच्या हौसेची वस्तू होती. दहा वर्षांनी तीच यंत्रे कचेऱ्यांतून निवृत्त होऊन मूळ किमतीच्या लहानशा अंशात दुसऱ्या हाती मिळू लागली आहेत. आपल्या कामाचा विषय ती आहेत.

पातळपणा फुकट मिळत नाही. यंत्र चपटे करावयाचे म्हणून रॅम मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. पंखा लहान असतो, त्यामुळे दीर्घकाळ भारी काम दिल्यास यंत्र तापते आणि स्वतःला सांभाळण्यासाठी आपली गती उतरविते. जोडणीची भोके मोजकी असतात, आणि जाळ्याची जाड तार लावण्यास वेगळा जोड घ्यावा लागतो. चलच्चित्रांचे संपादन किंवा मोठी गणिते करणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये. लेखन, हिशेब, पत्रव्यवहार, ध्वनिमुद्रण, जुन्या कागदांची छायाचित्रे उतरवून लावणे, ह्या कामांना ते पुरून उरते.

उदाहरणादाखल थिंकपॅड एक्स-वन कार्बन ह्या जातीचे २०१७ सालचे, म्हणजे पाचव्या पिढीचे यंत्र घेऊ. वजन सुमारे १.१३ किलो, जाडी सुमारे १६ मिलिमीटर, पडदा १४ इंच, बॅटरी ५७ वॅट-तास. रॅम पट्टीवर पक्की, जास्तीत जास्त १६ जीबी. साठवणीची एसएसडी मात्र काढून नवी घालता येते, आणि प्रक्षेपक जोडण्यास एचडीएमआयचे भोक आहे. ह्यातील प्रोसेसर सहाव्या अथवा सातव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. लिनक्सला असा आडपडदा नाही. ज्या यंत्राला एका दरबारात प्रवेश नाकारला गेला, ते दुसरीकडे निमूटपणे काम करीत राहते.

पातळ यंत्रावर लिनक्स ही केवळ हौशी लोकांची खटपट आहे, असाही एक समज आहे. २०१२ साली डेल कंपनीने ‘स्पुटनिक’ नावाच्या उपक्रमातून आपले एक्सपीएस १३ हे पातळ यंत्र उबुंटू बसवूनच विकावयास काढले. २०२० साली लिनोव्होने एक्स-वन कार्बनची आठवी पिढी फेडोरा ह्या वितरणासह देऊ केली. आणि ३१ जुलै २०२२ रोजी स्वतः टोर्व्हाल्ड्स ह्यांनी लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती ॲपलच्या आर्म जातीच्या लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली. पुढील प्रवासात तेच यंत्र लॅपटॉप म्हणून बरोबर न्यावे, असा त्यामागे हेतु असल्याचे त्यांनी तेव्हा कळविले. त्या यंत्राची अंतर्गत माहिती त्याच्या कारखानदाराने खुली केलेली नव्हती. आसाही नावाच्या प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी ती प्रयोगांनी शोधून काढली होती. ह्यावरून एक धडा घ्यावा : कारखानदाराने वाट मोकळी ठेवली असेल तेथे प्रवास सुखाचा होतो, ठेवली नसेल तेथे कोणीतरी वर्षानुवर्षे रान तोडावे लागते. आपण पहिल्या जातीचे यंत्र निवडावे.

झोप न लागणारे यंत्र

ही निवड किती जपून करावी लागते, हे मला एका प्रसंगाने शिकविले. काही वर्षांपूर्वी बेटाच्या दक्षिणेकडील एका गावी एक वृद्ध आजोबा राहत होते. झाकरीची जी गाणी आता कोणाच्याच तोंडी राहिली नाहीत, ती त्यांना मुखोद्गत होती. मोठ्या मिनतवारीने त्यांनी एका रविवारची वेळ दिली. मी सकाळी यंत्र पूर्ण भारून, झाकण मिटून पिशवीत घातले व बस धरली. आजोबांच्या ओसरीवर पिशवी उघडली तेव्हा यंत्र तव्यासारखे तापलेले होते, आणि बॅटरीत कणभर शक्ती उरलेली नव्हती. झाकण मिटले तरी ते झोपले नव्हते. अंधारात, बंद पिशवीत, दोन तास जागेच राहिले होते. गावात त्या दिवशी वीज नव्हती. आजोबा हसून म्हणाले, “असू दे बाळ, पुढच्या रविवारी ये.” पुढच्या रविवारी त्यांना इस्पितळात नेले होते, आणि तेथून ते परत आले नाहीत.

जाताना हातात साधी वही-पेन्सिल असती, तरी दोन गाणी उतरवून झाली असती. तेव्हापासून वही नेहमी बरोबर असते. पण यंत्र असे का वागले, ह्याचाही मी शोध घेतला.

लॅपटॉपची झोप दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीच्या गाढ झोपेत रॅमखेरीज जवळजवळ सर्व अवयवांची वीज तोडली जाते. यंत्र त्या स्थितीत दिवसच्या दिवस राहू शकते. नव्या पद्धतीची झोप ही खरे पाहता डुलकी होय. यंत्र दूरध्वनीसारखे अर्धे जागे राहते, आणि प्रत्येक अवयवाने आपापली वीज नीट आवरली तरच बॅटरी टिकते. एकाने जरी हयगय केली, तरी माझ्यासारखी फजिती होते. कित्येक नव्या यंत्रांत गाढ झोपेचा मार्गच ठेवलेला नसतो. २०१८ सालची एक्स-वन कार्बनची सहावी पिढी अशीच केवळ डुलकी घेणारी निघाली होती. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिच्या मूळ आज्ञावलीत सुधारणा देण्यात आली आणि झोपेच्या पर्यायांत ‘लिनक्स’ असा स्पष्ट पर्याय दिसू लागला. वापरणाऱ्यांनी तक्रार लावून धरली, तर कारखानदारही ऐकतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. लिनक्सची ह्या बाबतीत मोठी सोय आहे : वितरण एका पेन ड्राइव्हवर उतरवून, यंत्राच्या मूळ साठवणीला हात न लावता ते तेथूनच चालविता येते. अर्ध्या तासात पुढील गोष्टी पाहाव्यात. वाय-फाय लागते काय? ध्वनी येतो काय, आणि मायक्रोफोन आवाज उचलतो काय? पडद्याचा उजेड कमीजास्त होतो काय? बाहेरचा पडदा जोडता येतो काय? झाकण मिटून पंधरा मिनिटांनी उघडल्यावर यंत्र थंड आहे काय, आणि बॅटरी किती उतरली? बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी काही यंत्रांत चालत नाही. ती गेल्याने कामाचे काही अडत नाही, परवलीचा शब्द पुरेसा आहे. परंतु वाय-फाय, ध्वनी व झोप ह्या तिघांपैकी एक जरी नापास झाले, तरी किंमत कितीही कमी असो, ते यंत्र परत द्यावे.

बॅटरीचीही चौकशी करावी. नवी असताना तिची शक्ती किती होती आणि आज किती भरते, हे दोन्ही आकडे लिनक्स दाखविते. समजा मूळच्या ५७ वॅट-तासांपैकी आता ४० उरले आहेत. लेखनासारख्या हलक्या कामात असे यंत्र साधारण सात वॅट घेते. म्हणजे आठ तासांच्या जागी पावणेसहा तास मिळतील. एका दुपारच्या कामाला तेवढे पुरे. पुष्कळशा यंत्रांत बॅटरी शंभर टक्के न भरता ऐंशीवर थांबविण्याची सोय असते. जे यंत्र बहुधा भिंतीच्या विजेवरच चालते, त्यात ती लावून ठेवावी, म्हणजे बॅटरी अधिक वर्षे टिकते. मात्र आपल्याकडे नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचे दिवस. इशारा निघाला, की ती मर्यादा उठवून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी कसे चढले, हे ज्यांनी पाहिले, त्यांस अधिक सांगणे नको. समुद्राकाठच्या दमट हवेचाही विचार करावा. यंत्र वापरात नसताना कोरड्या कपाटात ठेवावे.

मराठीची व्यवस्था

आपल्या दृष्टीने खरी कसोटी पुढे आहे : ह्या यंत्रावर मराठी शुद्ध लिहिता येते काय? येते, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

आपल्या बेटावर पुष्कळ लॅपटॉप फ्रेंच मांडणीच्या कळफलकाचे येतात, आणि त्यावर मराठी कशी लिहावी अशी अनेकांना धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. भारत सरकारने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरविली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ही मांडणी कळेच्या जागेवरून चालते, कळेवर कोणते रोमन अक्षर छापले आहे ह्यावरून नव्हे. कळफलक फ्रेंच असो वा इंग्रजी, बोट त्याच ठिकाणी पडले की तेच अक्षर उमटते. लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत मराठी नावाची इन्स्क्रिप्ट मांडणी आहेच; ती निवडावी आणि रोज अर्धा तास सराव करावा. महिनाभरात बोटे वळतात. ज्यांस तेवढा धीर नाही, त्यांच्यासाठी उच्चारानुसार लिहिण्याचीही मांडणी आहे.

मराठीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ह्या दोन शब्दांतला ‘र’ वेगळा. दुसऱ्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे निराळे अक्षर आहे, आणि इन्स्क्रिप्टमध्ये ते ‘र’ च्याच कळेवर शिफ्ट दाबून मिळते. त्याला हलन्त जोडून ‘य’ किंवा ‘ह’ लिहिला, की ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द बरोबर उमटतात. समुद्र ओलांडून आलेल्यांच्या वंशजांनी निदान दर्या आणि दऱ्या ह्यांत घोटाळा करू नये!

अक्षरांच्या वळणाचीही सोय आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या छापील वळणाहून भिन्न असतात. लोहित, नोटो आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेचा मुक्त, असे मोकळ्या परवान्याचे टंक उपलब्ध आहेत. दस्तऐवजाची भाषा मराठी अशी नेमून दिली, की ज्या टंकात मराठी वळण अंतर्भूत आहे त्यात ते आपोआप येते. मुद्रकाकडे पाठविताना पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत करून पाठवावा, म्हणजे त्याच्या यंत्रावर जोडाक्षरे फुटत नाहीत.

जुन्या छापील स्मरणिका पुन्हा टंकित करण्याचे श्रमही वाचतात. टेसरॅक्ट नावाचा कार्यक्रम १९८५ नंतर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाला आणि २००५ साली मोकळा करण्यात आला. पानाचे स्वच्छ छायाचित्र दिले, तर तो मराठी छापील मजकूर वाचून अक्षररूपाने देतो. हस्ताक्षर त्याला वाचता येत नाही, आणि फिकट शाईच्या पानावर त्याच्या चुका पुष्कळ होतात. म्हणून मुद्रितशोधन माणसानेच करावयाचे. तथापि कोऱ्या पानापासून आरंभ करण्यापेक्षा चुका सुधारणे सोपे.

दप्तर कसे जपावे

पातळ यंत्र सहज हरवते, पडते, चोरीस जाते. तो त्याच्या हलकेपणाचाच दोष आहे. सभासदांचे पत्ते आणि वर्गणीचे आकडे परक्याच्या हाती पडू नयेत, म्हणून लिनक्स बसवितानाच सबंध साठवण कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडावा. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना एक परवलीचा शब्द द्यावा लागतो. तो शब्द एका कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून खजिनदारांच्या कपाटात ठेवावा. चिटणिसांबरोबर मंडळीचे सारे दप्तरही काळाच्या पडद्याआड जावे, अशी आपत्ती ओढवून घेऊ नये.

दुसरे, प्रत्येक दस्तऐवजाच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या सभासदाच्या घरी. वादळ एका गावावर कोसळले, तरी दुसऱ्या गावची प्रत राहील. प्रती दर महिन्याच्या ठराविक दिवशी अद्ययावत कराव्यात, आणि वर्षातून एकदा त्यांतील एखादी उघडून खरोखर वाचता येते काय, हे पाहावे. न उघडलेली प्रत ही केवळ श्रद्धेची बाब असते.

तिसरे, दस्तऐवज मोकळ्या स्वरूपात साठवावेत. लिब्रेऑफिस हा २०१० पासून चालत आलेला मोकळा लेखन-हिशेबाचा संच ज्या ओडीएफ स्वरूपात लिहितो, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची रचना प्रसिद्ध असल्यामुळे आणखी तीस वर्षांनी कोणत्याही कंपनीचे अस्तित्व असो वा नसो, ते वाचणारा कार्यक्रम कोणालाही लिहिता येईल.

उणिवाही सांगतो. काही प्रसिद्ध कार्यक्रम, विशेषतः मायक्रोसॉफ्टचा कचेरीसंच आणि ॲडोबीचे चित्रसंपादन, लिनक्सवर मूळ रूपात मिळत नाहीत. ज्याचा व्यवसाय त्यांच्यावर अवलंबून आहे, त्याने आपले जुने यंत्र टाकू नये. बाहेरून आलेल्या दस्तऐवजांची मांडणी लिब्रेऑफिसमध्ये कधी कधी विसकटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंडळीतील निदान दोन माणसांनी ही व्यवस्था शिकली पाहिजे. एकाच जाणकारावर विसंबणे म्हणजे एका मालकाच्या जागी दुसरा मालक आणणे होय. तो जाणकार आपल्याच गोतातला असला, तरी फरक पडत नाही.

तरुण वाचकांस एक विनंती. पुढील सुटीत एखादे जुने पातळ यंत्र मिळवा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा, आणि जमल्यास आपल्या आजीआजोबांजवळ बसून त्यांची नावे, त्यांच्या आईवडिलांची नावे, त्यांच्या गावाचे नाव मराठीत टंकित करा. वही व पेन्सिलही जवळ असू द्या. लिहून झाल्यावर पडदा त्यांच्याकडे वळवून नाव बरोबर लिहिले आहे काय, असे त्यांस विचारा. धक्क्यावरच्या कारकुनाने आपल्या पणजोबांस तो प्रश्न विचारला असेल, असे वाटत नाही. तो विचारण्याची वेळ आपल्यावर आली आहे. आणि उत्तर देणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत चालली आहेत.